एक रेघ आणि सही

४ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता तुझ्या लिफ्टच्या उस्तादांकडून घेतला. आधी देत नव्हते. "घरच्यांना देऊ नका म्हणून सांगून गेलाय तो," म्हणाले. मग मी त्यांच्या वर्कशॉपच्या दारात, लिफ्टच्या तारेच्या वेटोळ्यावर बसून राहिले. अर्ध्या तासाने वैतागून म्हणाले, "तू पण त्याच्यासारखीच चिकट," आणि एका जुन्या बिलामागे लिहून दिला. उंच इमारतींचं शहर आहे म्हणे. चाळीस-चाळीस मजले. म्हणजे तुला कामाला तोटा नाही.

साडेचार वर्षं झाली. कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून आधी बातमी.

मी पास झाले. तू गेल्यावर चार महिन्यांनी परीक्षा होती, तीत. बाबांनी माझ्या पदवीच्या कागदाला कापडी बांधणी केली. बाइंडिंगच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवायचे, "हे आमच्याकडचं सगळ्यात बारीक पुस्तक. एकच पान आहे, पण लिहायला तीन पिढ्या लागल्या." मग इंटर्नशिप झाली, पुढची प्रवेश परीक्षा झाली, आणि मी भूलशास्त्र घेतलं. आत्या म्हणाली, "म्हणजे झोपवायचं काम? अगं, त्याला कशाला एवढं शिकायला हवं? तुझे काका जेवण झालं की आपले आपण झोपतात." आता माझं तिसरं वर्ष चालू आहे.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी या महिन्यात मला एक काम दिलं. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना आमच्याकडे पंधरा दिवसांची पोस्टिंग असते. कोणी येत नाही. आले तर चहा पितात, सही करतात, जातात. पण यंदा आठ जणांनी स्वतःहून सांगितलं की आम्हाला पुढे हीच शाखा घ्यायचीय, आतापासून शिकवा. मॅडम मला म्हणाल्या, "सोळा आठवडे. मंगळवार, शुक्रवार. औषधं मी शिकवते, बाकीचं तू शिकव."

"बाकीचं म्हणजे काय, मॅडम?"

"ते तू शोधून काढ."

पहिल्या दिवशी काय करावं सुचेना. तेव्हा तुझी आठवण झाली. लिफ्ट दुरुस्त झाली की तू कोणाला आत पाऊल टाकू द्यायचा नाहीस. आधी स्वतः एकटा बसून सगळ्यात वर जायचास, मग सगळ्यात खाली. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या काकू ओरडायच्या, "अरे, माझी भाजी वाळतेय!" आणि तू आतून म्हणायचास, "काकू, भाजी वाळली तर चालेल."

म्हणून मी आठही जणांना एकेक करून ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं. हात दोन बाजूंना पट्ट्यांनी बांधले. वरचे दिवे लावले. तोंडावर मास्क धरला, नुसत्या ऑक्सिजनचा. आणि बाकीच्यांना सांगितलं, आपापसात क्रिकेटबद्दल बोला. एक धिप्पाड मुलगा आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो उठला तर पाठ घामाने भिजलेली. म्हणाला, "मॅडम, छत केवढं जवळ येतं! आणि कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं."

मी म्हणाले, "आता तू बघशील."

मला मॅडम म्हणतात, दादा. हसू नकोस.

बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे. तुझं नाव घेत नाहीत. मी मात्र कधीच तुझ्यावर राग धरला नाही, हे तुला माहीत असू दे. आईला दूध देताना तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. तिला सकाळी उपाशीपोटी चक्कर यायची. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी तुला एवढंच म्हणाले होते, "दादा, मला विचारायचं तरी होतंस." त्यापुढे एक शब्द नाही.

उत्तर लिही.

तुझी बारकी


२० जानेवारी

दादा,

आधीचं पत्र अजून पर्समध्येच आहे. तिकिटं आणायची राहिली. हेही त्याच पाकिटात घालते.

माझ्या आठ जणांत एक मुलगी आहे, शंकेखोर. हे नाव मी ठेवलेलं नाही, तिच्या वर्गाने ठेवलंय. बारीक चणीची, वहीत अतिशय बारीक अक्षर, आणि कुठलंही वाक्य संपलं की हात वर. मॅडम म्हणतात, "ही एकतर फार मोठी डॉक्टर होईल, नाहीतर नवरा पळून जाईल."

गेल्या मंगळवारी त्यांना आवाज ऐकायला शिकवलं. पेशंटच्या बोटाला आम्ही एक चिमटा लावतो. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तो मोजतो आणि प्रत्येक ठोक्याला टुक वाजतो. ऑक्सिजन कमी व्हायला लागला की तो टुक खालच्या पट्टीत जातो. थोडासाच. नवख्याला कळत नाही. म्हणून सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभं केलं आणि यंत्रावर आकडा हळूहळू उतरवत नेला. कळलं की हात वर करायचा. शंकेखोर गाणं शिकलेली आहे, तिचा हात पंच्याण्णवलाच वर गेला. पैलवानाचा एकोणऐंशीला. मी त्याला म्हणाले, "तुझा पेशंट निळा पडला." तो बिचारा सुट्टीतही यंत्रापाशी बसून राहिला.

मला तो आवाज शिकावा लागला नाही. आईच्या वेळी मी थिएटरच्या कोपऱ्यात उभी होते, टोपी-मास्क घालून. कशाचा आवाज आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण तो खाली खाली जायला लागला तेव्हा मला कळलं, काहीतरी चुकतंय.

असो.

बाबांचं सांगायचं राहिलं. त्यांना हर्निया झालाय. दोन वर्षांपासून होता, लपवत होते. कागदाचे गठ्ठे उचलणं तर आहेच, पण खरं कारण दुसरं. दादा, बाबा लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. तू गेलास त्या दिवसापासून. आपल्या इमारतीची लिफ्ट तू बसवलेली, तिच्या दाराला त्यांनी आजतागायत हात लावलेला नाही. चार मजले रोज दोनदा चढतात. दुसऱ्या मजल्यावर थांबतात, कठड्याला धरून, आणि कोणी वर येताना दिसलं की बुटाची नाडी बांधायचं नाटक करतात. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "अहो, लिफ्ट आहे ना?" तर म्हणाले, "व्यायाम हो." हर्नियाला चांगला व्यायाम!

शुक्रवारी उपाशीपणाचा धडा घेतला. भूल देण्याआधी पोट रिकामं का हवं. भूल चढली की घशाचा पहारा सुटतो, पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. हे त्यांना पुस्तकात वाचून माहीत होतं, पण चेहऱ्यावर काही उमटलेलं दिसेना. म्हणून मी एक उदाहरण सांगितलं. एक बाई होत्या, पित्ताचे खडे काढायचे होते, साधं ऑपरेशन. त्यांच्या एका नातेवाइकाने सकाळी त्यांना दूध दिलं आणि कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

शंकेखोरचा हात वर.

"मॅडम, त्याने सांगितलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हणाले, "त्याने स्वतःच कबूल केलं."

"कोणाला सांगितलं नाही असं म्हणाला तो? का, त्याला कोणी विचारलंच नव्हतं?"

मी म्हणाले, वेळ संपली.

तुझी बारकी


२ फेब्रुवारी

दादा,

आज थोडंच.

बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरली, ३ मार्च, आमच्याच हॉस्पिटलात. सर्जनने समजावलं, बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "माझी एकच अट आहे. भूल माझी पोरगी देणार."

सर्जन हसून म्हणाले, "घरच्यांनी घरच्यांना द्यायची नसते, काका."

"मग मला नको ऑपरेशन. माझ्या बायकोच्या वेळी ही शिकत होती, हिच्या हातात काही नव्हतं. असतं तर ती वाचली असती. घरात शहाणं असं एकच माणूस आहे, त्याच्याच हातून होऊ दे."

मी शेजारीच उभी होते. त्यांच्या हातात माझा हात होता. त्यांची बोटं अजून तशीच आहेत, खळीने खरखरीत.

रस्त्यात मला म्हणाले, "तुझी आई आयुष्यभर खोटं बोलली. 'माझं झालंय जेवण, तुम्ही घ्या.' पातेल्यात काही नसायचं. जन्मात एकदाच पोटभर दूध प्यायली, तर तेच..." मग म्हणाले, "हरामखोर," आणि मला कळलं, तुला म्हणाले.

मी काही बोलले नाही.

मी तेव्हाही काही बोलले नव्हते.

बारकी


८ फेब्रुवारी

दादा,

तीन पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. तिकिटं केव्हाच आणलीत. तुला लिहितेय आणि तुझ्याशीच खोटं बोलतेय, ज्याला सगळं माहीत आहे. या जगात एकच माणूस आहे ज्याच्यापुढे ही थाप चालणार नाही, आणि मी त्यालाच ती लिहून पाठवणार होते. आता सगळं लिहिते. तुला माहीत असलेलंच. पण माझ्या अक्षरात.

त्या दिवशी सकाळी मी सात वाजता वॉर्डात आले. तू आईच्या पलंगाच्या पायथ्याशी बसला होतास. तू उठून मला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेलास. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. तू म्हणालास, "डॉक्टरीणबाई, एक चूक झाली. आईला सहा वाजता चक्कर आली. मी कपभर दूध दिलं. ती नको म्हणत होती, मीच आग्रह केला. चालेल ना? का सांगू त्यांना?"

तू मला विचारलंस, दादा. सांगू का त्यांना, असं विचारलंस.

आणि मी, शेवटच्या वर्षाची, घरातली पहिली शिकलेली, बोटांवर मोजलं. ऑपरेशन नऊला. सहा ते नऊ, तीन तास. मला नियम माहीत होता: पातळ पदार्थाला दोन तास. मी म्हणाले, "दूध पातळच की. दोन तासांच्या वर झाले. चालतं. उगाच सांगू नकोस, पुन्हा तारीख पुढे ढकलतील." आधी दोनदा ढकलली होती. दोन्ही वेळा आई तिची पिशवी भरून आली होती आणि तशीच परत गेली होती.

तो नियम पाण्याचा आहे. दूध पोटात गेलं की फाटून घट्ट होतं, त्याला सहा तास लागतात. आमच्या पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात हे शिकवलं होतं. पंधरा दिवसांच्या त्या पोस्टिंगला मी दोन दिवस गेले. बाकीचे दिवस मेडिसिनच्या वॉर्डात जायचे, कारण खरी डॉक्टरकी तिथे असते असं मला वाटायचं. मला अर्धा नियम आला. मला नियम मुळीच आला नसता तर मी म्हणाले असते, "थांब, विचारून येते."

तू ऐकलंस. लगेच तुझा चेहरा मोकळा झाला. म्हणालास, "बरं झालं बाई, घरात एक डॉक्टर आहे."

पुढचं तुला माहीत नाही. ते तू आत नव्हतास म्हणून.

थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ सर आईपाशी आले. तिला विचारायच्या आधी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या पांढऱ्या कोटाकडे. हसून म्हणाले, "काय डॉक्टर, आई उपाशी आहे ना?" मला त्याआधी कोणी डॉक्टर म्हटलेलं नव्हतं, तू सोडून, आणि तू तर मी दहा वर्षांची असल्यापासून चिडवायला म्हणायचास. मी म्हणाले, "हो सर." आईने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं ना, ती काय प्यायली ते. पण तिच्या पोरीला इतक्या मोठ्या माणसाने डॉक्टर म्हटलं होतं, आणि पोरगी हो म्हणाली होती. मग तिनेही मान हलवली. कौतुकाने बघत होती माझ्याकडे, दादा. तशी बघतच ती झोपली.

आणि मग तो आवाज. कोणीतरी मला बाहेर काढलं.

सर बाहेर येऊन आपल्याला विचारायला लागले, "सकाळी काही दिलं होतं का त्यांना? कोणी दिलं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी फरशीकडे. फरशीला एक तडा होता, तो कुठून कुठे जातो ते मी अजून काढून दाखवू शकते. तू म्हणालास, "मी दूध दिलं. कोणाला सांगितलं नाही." बाबांनी तुझी कॉलर धरली. आणि तेव्हा, तेव्हा मी ते वाक्य बोलले. बाबांसमोर. सगळ्यांसमोर. मला विचारायचं तरी होतंस.

तू दोन-तीन क्षण बघत राहिलास. मग म्हणालास, "चुकलं."

का बोलला नाहीस रे? चार महिन्यांवर माझी परीक्षा होती म्हणून? मीच डॉक्टर होऊ शकणार होते म्हणून? तिसऱ्या दिवशी आई गेली आणि चौथ्या दिवशी तू तुझी हत्यारांची पेटी घेऊन निघालास, तेव्हा मी तुझ्यामागे जिना उतरून आले होते. तू म्हणालास, "वर जा. अभ्यास कर." मी वर गेले. अभ्यास केला.

भूलशास्त्रात मला सगळ्यात जास्त मार्क मिळाले.


१७ फेब्रुवारी

दादा,

मॅडमना सांगितलं. त्यांच्या खोलीत, उभ्यानेच. मला वाटलं होतं, वर्ग काढून घेतील. कदाचित मी तेवढ्यासाठीच सांगत होते.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "त्या भूलतज्ज्ञाने पेशंटला विचारायला हवं होतं. पेशंटच्या मुलीला विचारलं, कोट बघून विचारलं, हे त्याचं. तू चुकीचं सांगितलंस, हे तुझं. आणि नंतर साडेचार वर्षं गप्प बसलीस, तेही तुझं. पहिलं तू अर्धवट ज्ञानापोटी केलंस. दुसरं मात्र शुद्धीत असताना." मी जायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "शुक्रवारचा वर्ग तुझाच आहे. तो धडा पुन्हा घे. खरा घे."

घेतला. "मागच्या वेळी सांगितलेल्या गोष्टीत मी एक माणूस गाळला होता," असं म्हणून सुरुवात केली. आठही जण पेन खाली ठेवून ऐकत होते. पैलवानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मी त्यांना सांगितलं: कोट घातलेल्या नातेवाइकाला काहीही विचारू नका. पेशंटशेजारी बसा, डोळ्यांत बघा, शेवटचं काय तोंडात गेलं, किती वाजता, कोणी दिलं, हे तिच्याच तोंडून ऐका. आणि जिने दिलं, ज्याने दिलं, त्याला सांगा की सांगितलंत ते बरं केलंत. त्याच्यावर ओरडाल तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

शंकेखोरने हात वर केला नाही. सगळे गेल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, तुमचे भाऊ कुठे आहेत?"

"दूर आहेत."

"त्यांना माहीत आहे का, तुम्ही आम्हाला सांगितलंत?"

मी म्हणाले, "अजून नाही. आणि वडिलांनाही नाही."

तिने वही छातीशी धरली आणि अगदी हळू विचारलं, "मग आम्हाला आधी का सांगितलंत?"

तिचा नवरा खरंच पळून जाईल. पण ती बरोबर होती. परक्या आठ जणांपुढे रडणं सोपं असतं.


२४ फेब्रुवारी

दादा,

गेल्या रविवारची गोष्ट. दुकान बंद. बाबा एका शाळेचे नकाशे बांधायला घरी घेऊन आले होते, जमिनीवर पसरून खळ लावत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमाने. पाण्याची टाकी, घड्याळ, सव्वासात, तू काय म्हणालास, मी काय म्हणाले.

त्यांचा ब्रश मध्येच थांबला. खळ नकाशावर टपकली. एरवी अशा डागासाठी त्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं असतं.

"त्याने तुला विचारलं होतं?"

"हो, बाबा."

"आणि मग मला म्हणाला, कोणाला सांगितलं नाही."

"हो."

"आणि तू तिथे होतीस."

"हो."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला, हात धुतले, एकेक बोट चोळून. चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी पाठोपाठ दारापर्यंत गेले. ते लिफ्टपाशी उभे होते. बटण दाबलं. लिफ्ट आली. त्यांनी ती जाळी सरकवली, आत गेले, जाळी लावली.

लिफ्ट खाली गेली. मला वाटलं, कुठेतरी निघाले. तर ती परत वर आली. बाबा आत होते. माझ्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते. थेट वरच्या मजल्यापर्यंत गेली आणि पुन्हा खाली. पुन्हा वर. खालून काकू ओरडल्या, "अहो, कोण खेळतंय लिफ्टशी?" कोणीतरी त्यांना काही सांगितलं असावं, कारण त्या गप्प झाल्या. किती वेळा गेली-आली, मोजलं नाही. मी चौथ्या मजल्यावर जाळीपाशी उभी होते आणि बाबा माझ्यासमोरून वर जात होते आणि खाली जात होते. दर वेळी त्यांचा एक हात आतल्या भिंतीवर, जिथे तू तुझ्या नावाचं पहिलं अक्षर खिळ्याने कोरून ठेवलंयस तिथे.

शेवटी चौथ्यावर थांबली. जाळी उघडली. म्हणाले, "आवाज करत नाही अजिबात. चांगली बसवलीय."

मग घरात आले आणि मला म्हणाले, "त्याला सगळं लिही. आणि ये म्हणून लिही. ऑपरेशन त्यानंतर."

मी म्हणाले, "बाबा, ऑपरेशन लांबवून चालणार नाही. आतडं अडकलं तर..."

"तू सांगतेस म्हणून विश्वास ठेवू?"

त्यांनी हे रागाने विचारलं नाही, दादा. त्यांना खरंच माहीत नव्हतं, ठेवावा की नाही. मी म्हणाले, "माझ्यावर नको. मॅडमना विचारा." ते विचारायला गेले. मॅडमनी सांगितल्यावर तयार झाले.

तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. जेवायला वाढलं की जेवतात. पण माझ्या पदवीचं ते एका पानाचं पुस्तक दुकानातून घरी आलंय आणि कपाटात गेलंय.


३ मार्च

दादा,

बाबांचं ऑपरेशन आज सकाळी झालं. भूल मॅडमनी दिली. मी थिएटरच्या बाहेर होते, नातेवाईक बसतात त्या बाकावर, साध्या कपड्यांत. कोट घरी ठेवून आले होते.

आत नेण्याआधी, पद्धतीप्रमाणे, विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारपूस करायची असते. मॅडमनी शंकेखोरला पाठवलं. ती स्टूल ओढून बाबांशेजारी बसली. दार अर्धवट उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"काका, शेवटचं काय खाल्लंत?"

"काल रात्री आठला भात. थोडा."

"त्यानंतर?"

"नऊला पाणी. आज पहाटे साडेचारला दोन घोट पाणी, गोळीबरोबर."

"दूध? चहा?"

बाबा थांबले. "नाही," म्हणाले. मग म्हणाले, "पोरी, समजा प्यायलो असतो आणि तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"तुम्हाला घरी पाठवलं असतं, काका. आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

मग चाकांचा आवाज.

दार बंद झालं तरी तो टुक टुक ऐकू येतोय असं मला वाटत राहिलं. खरं तर बाकापर्यंत येत नाही. पाऊण तासाने पैलवान बाहेर आला, तोंडभर हसत. "मॅडम, पट्टी एकदाही उतरली नाही. मी डोळे मिटून ऐकत होतो." शुद्धीवर येताना बाबांनी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. मला सांगायला आले सगळे, जणू मला त्याचं वाईट वाटणार नाही. वाटलं. आणि बरंही वाटलं.

आता ते झोपलेत. मी पलंगाशेजारी बसून तुला लिहिलेली सगळी पत्रं पुन्हा वाचली. पहिली तीन फाडून टाकावीशी वाटली. पण आमच्याकडे भुलीचा जो कागद असतो, ज्यावर दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, औषध लिहायचं, त्याचा एक नियम आहे. लिहिलेलं काही चुकलं तर ते खोडायचं नाही, वर शाई फासायची नाही, कागद बदलायचा नाही. चुकीच्या शब्दावरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी खरं लिहायचं. आणि वेळ घालून सही करायची. हे मी त्या आठ जणांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

म्हणून सगळी पत्रं आहेत तशी पाठवतेय, खोट्यासकट. पहिल्या पत्रातल्या एका वाक्यावरून रेघ मारलीय. बाबा जागे असताना मारली, त्यांना दाखवून. ते म्हणाले, "रेघ सरळ मार," आणि उशीखालची त्यांची मोजपट्टी काढून दिली. दवाखान्यातही घेऊन आलेत ती.

तू येशील की नाही, मी विचारणार नाही. तो हक्क मी त्या कॉरिडॉरमध्ये घालवला. घर अजून त्याच चौथ्या मजल्यावर आहे. बाबा आता लिफ्टने येतात-जातात. एवढंच कळवायचं होतं.

पाकीट बंद करण्याआधी दुरुस्ती इथेही लिहून ठेवते, म्हणजे चुकणार नाही.

पत्र पहिलं, "मला विचारायचं तरी होतंस" हे वाक्य चुकीचं. त्याजागी असं वाचावं: दादाने विचारलं होतं. सव्वासात वाजता, पाण्याच्या टाकीपाशी. मी "चालतं" म्हणाले.

सही: बारकी
दुपारी दोन वाजून दहा मिनिटं